परभणीच्या गच्चीवरून समुद्राची भरती

परभणीच्या एका शिक्षिका ताईंनी प्रश्न विचारलाय. त्या सहावीला भूगोल शिकवतात. ‘चंद्राच्या आकर्षणामुळे समुद्राला भरती येते, अमावास्या-पौर्णिमेला ती मोठी असते’ असं फळ्यावर लिहिलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका पोरानं हात वर केला. “बाई, अमावस्येला चंद्रच नसतो, मग ओढतं कोण? अन् ओढतोच तर आपल्या जायकवाडीला का ओढत नाही?” ताईंना धड उत्तर देता आलं नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केलंय. सोबत एक कामाचा प्रश्नही आहे. डिसेंबरात वर्गाची सहल अलिबागला न्यायची आहे, तिथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायचंय, तर तिथी बघून तारीख ठरवता येईल का?

ताई, पोरगं बरोबर बोललं. फळ्यावरचं वाक्य खोटं नाही, पण त्यातून असं वाटतं की चंद्राचा दिसणारा आकार आणि भरती यांचं काहीतरी नातं आहे. चंद्र भरला की पाणी भरलं. तसं असतं तर अमावस्येला समुद्र निपचित पडायला हवा. मुलाला नेमकी हीच शंका आली.

मी अंबाजोगाईकडचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या बाविसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या दिवशी. पुढची सव्वीस वर्षं कोकणातल्या खाड्यांमध्ये पाण्याची खोली मोजण्यात गेली. जेट्टी बांधायची असो की गाळ काढायचा असो, आधी तळ किती खोल आहे ते मोजावं लागतं. आणि खोली मोजायची तर त्या घडीला पाणी किती चढलंय हे ठाऊक हवं. म्हणून किनाऱ्याला आकडे रंगवलेली एक उभी पट्टी रोवायची आणि दर दहा मिनिटांनी पाणी कुठवर आलंय ते वहीत लिहायचं. हे काम मी इतकं केलंय की अजूनही अंबाजोगाईत घरासमोर पाणी तुंबलं की नजर पट्टी शोधते.

आता अमावस्येचं. अमावस्येला चंद्र कुठे जात नाही. तो दिवसा आकाशात असतो, सूर्याच्या अगदी शेजारी. सूर्यासोबत उगवतो, दुपारी बाराच्या सुमारास डोक्यावर येतो, सूर्यासोबत मावळतो. त्याची उजळलेली बाजू आपल्याकडे नसते आणि शेजारी सूर्य तळपत असतो, म्हणून तो दिसत नाही. ओढ मात्र त्याच्या वस्तुमानाची असते. त्याच्यावर उजेड पडलाय की नाही याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही. मुलाला सांगा, अंधारात बसलेल्या माणसाचं वजन कमी होतं का?

मग कलांचा संबंध येतो कुठे? कला म्हणजे सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांच्यातला कोन. पंचांगातली तिथी दुसरं काही मोजत नाही, सूर्यापासून चंद्र १२ अंश पुढे सरकला की एक तिथी झाली. ३० तिथ्या म्हणजे ३६० अंश. अमावस्येला दोघे एका बाजूला, पौर्णिमेला समोरासमोर, अष्टमीला काटकोनात. भरतीचा मामला सगळा या कोनाचा आहे. अर्धा चंद्र, पुरा चंद्र ही त्या कोनाची आपल्याला दिसणारी खूण.

यावर पोरगं पुढचा प्रश्न विचारणार, आणि तो खरा अवघड आहे: पौर्णिमेला चंद्र एकीकडे आणि सूर्य दुसरीकडे, मग त्यांची ओढ एकमेकांना मारत कशी नाही? यासाठी आधी समजून घ्यावं लागतं की पाणी चंद्राच्या बाजूला जसं फुगतं तसंच पाठीमागच्या बाजूलाही फुगतं. बहुतेकांची गाडी इथेच अडते. मी दिंडीचं उदाहरण देतो. पैठणहून पंढरीला निघालेल्या नाथांच्या दिंडीत तीन वारकरी एका ओळीत आहेत असं समजा. पुढचा तासाला ५ किलोमीटर चालतो, मधला ४, मागचा ३. तिघंही पंढरीकडेच निघालेत, मागे कुणी जात नाही. तरी मधल्याला काय दिसतं? पुढचा आपल्यापासून दूर चाललाय आणि मागचाही दूर पडतोय. मधला म्हणजे पृथ्वीचा गोळा, पुढचा म्हणजे चंद्राकडच्या बाजूचं पाणी, मागचा म्हणजे पलीकडचं पाणी. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. चंद्राकडची बाजू पृथ्वीच्या मध्यापेक्षा त्याला ६,४०० किलोमीटर जवळ, पलीकडची तेवढीच लांब. म्हणून तिन्हीकडे ओढ वेगवेगळी पडते आणि दोन्ही बाजूंना फुगवटा येतो. भरती या फरकामुळे येते, नुसत्या ओढीमुळे नव्हे. त्यामुळे सूर्य चंद्राच्या शेजारी असो की थेट समोर, त्याचे दोन फुगवटे चंद्राच्या दोन फुगवट्यांवरच येऊन बसतात. अमावास्या आणि पौर्णिमा यात भरतीच्या दृष्टीने डावं-उजवं नाही.

‘फरक’ हा शब्द धरून ठेवलात की सूर्याचं कोडंही सुटतं. पृथ्वीवर सूर्याची एकूण ओढ चंद्राच्या पावणेदोनशे पटीच्या आसपास आहे, तरी भरतीत चंद्र मोठा भाऊ आणि सूर्य धाकटा. कारण अंतर वाढलं की ओढीपेक्षा ओढीतला फरक फार झपाट्याने घटतो. अंतर दुप्पट झालं तर फरक आठपट कमी. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट आहे, पण तो सुमारे ३९० पट लांब आहे. ३९० ला तीनदा आपसात गुणलं तर जवळपास ६ कोटी येतात. म्हणजे भरती आणण्यात सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. हा हिशेब फळ्यावर मांडा, मुलांना आवडतो.

पृथ्वीभर सारखाच खोल समुद्र असता आणि पाण्याला हलायला वेळच लागत नसता, तर चंद्रामुळे पाणी ५४ सेंटीमीटर चढलं-उतरलं असतं आणि सूर्यामुळे २५. दोघे एका रेषेत आले की बेरीज ७९. काटकोनात असले की वजाबाकी, २९. पहिल्याला कोकणात उधाण म्हणतात, दुसऱ्याला भांग. ७९ आणि २९ यांचं प्रमाण पावणेतीनच्या आसपास येतं. आता मुंबईचे खरे सरासरी आकडे बघा. उधाणाला भरतीचं पाणी ४.४२ मीटर आणि ओहोटीचं ०.७६, म्हणजे चढउतार ३.६६ मीटर. भांगाला भरती ३.३० आणि ओहोटी १.८६, म्हणजे चढउतार अवघा १.४४. भागाकार अडीच. कागदावरचं गणित आणि अपोलो बंदरावरच्या नोंदी (तिथे १८७८ पासून भरती मोजली जातेय) एवढ्या जवळ येतात, हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ नुसता पाण्याकडे बघत बसलो होतो.

वरच्या आकड्यांत एक गोष्ट लपलेली आहे, ती तुमच्या सहलीसाठी फार महत्त्वाची. भांगाला भरती कमी चढते हे लोकांच्या लक्षात राहतं. ओहोटीही कमी उतरते, हे राहत नाही. उधाणाच्या ओहोटीपेक्षा भांगाच्या ओहोटीत मुंबईला १.१ मीटर पाणी जास्त उरतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका खाडीत दगडाने भरलेला बार्ज, म्हणजे माल वाहणारी सपाट तळाची मोठी नाव, आत घ्यायचा होता. खाडीच्या तोंडाशी गाळाचा उंचवटा असतो, तो ओलांडायला पुरेसं पाणी आहे की नाही हे सांगायचं काम माझं. मी तक्ता पाहिला, पूर्ण भरतीची घटका काढली आणि ‘आणा’ म्हणून सांगितलं. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. आमच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, सकाळपासून पुटपुटत होता, आज तिथी कोणती, तिथी कोणती. मला कुठे माहीत! माझी आजी असती तर झोपेतून उठून सांगितली असती. बार्ज अगदी ऐन भरतीला उंचवट्यावर चढला आणि चिखलात बसला. मी म्हटलं, हरकत नाही, बारा तासांनी पुन्हा भरती आहे. तांडेल माझ्याकडे बघून हसला. त्याचं म्हणणं असं की आजचं पाणी या उधाणातलं सगळ्यात मोठं, उद्याचं याच्यापेक्षा चार बोटं कमी, परवाचं आणखी कमी. तसंच झालं. रोज पाणी बार्जपर्यंत येई आणि तो उचलण्याआधीच मागे फिरे. भांग गेला, मग पाणी पुन्हा वाढू लागलं आणि अमावस्येच्या उधाणाला बार्ज सुटला. तेरा दिवस कंत्राटदाराच्या शिव्या खाल्ल्या. त्या सगळ्या वाजवी होत्या, कारण मी भरतीची वेळ पाहिली होती, उंचीची दिशा पाहिली नव्हती.

या गोष्टीतली एक बारीक खूण तुमच्या ध्यानात आली असेल. सगळ्यात मोठं पाणी पौर्णिमेच्या दिवशी आलं नाही, दोन दिवसांनी आलं. एवढा मोठा जलसाठा हलायला लागतो तेव्हा तो हुकमाबरोबर थांबत नाही. झोक्याला शेवटचा धक्का दिल्यानंतरच तो सगळ्यात उंच जातो, तसंच. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उधाणाचा कळस साधारण एक-दोन दिवस उशिरा येतो आणि भांगाचा तळही अष्टमीनंतर तेवढाच उशिरा.

आता जायकवाडी. ‘धरणाचं पाणी गोडं, म्हणून भरती नाही’ असं उत्तर मी शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलंय. गोड्या-खाऱ्याचा काही संबंध नाही. चंद्र नाथसागराला, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयालाही ओढतोच. प्रश्न आहे लांबीचा.

चंद्राचा भरती आणणारा जोर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम एक कोटीव्या भागाइतका असतो. एवढ्याशा जोराने पाणी वर उचललं जात नाही. ते आडवं सरकतं, हजारो किलोमीटरवरून थोडं थोडं सरकत एका बाजूला गोळा होतं. पाण्याचा पृष्ठभाग फार तर कोटीत एक भाग कलतो असं समजा. नाथसागर पूर्ण भरला तर लांबी सुमारे ५५ किलोमीटर. ५५ किलोमीटरला एक कोटीने भागा: साडेपाच मिलिमीटर. म्हणजे पैठणच्या भिंतीपाशी आणि दुसऱ्या टोकाला मिळून चंद्राची भरती अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास. पैठणला संध्याकाळचा वारा सुटला की एवढी हालचाल एका लाटेत होते. अमेरिकेतल्या महासरोवरांतही, ज्यांतलं सगळ्यात मोठं आपल्या चार जिल्ह्यांपेक्षा मोठं आहे, चंद्राची भरती ५ सेंटीमीटरच्या आत राहते. तेव्हा मुलाला सांगा की जायकवाडीला भरती येते, पण ती पाहायला डोळे पुरत नाहीत.

अंगणातल्या टिपाडाची आणि माणसाच्या शरीराची कथाही तीच. ‘माणसाच्या अंगात सत्तर टक्के पाणी, म्हणून पौर्णिमेला डोकं फिरतं’ हे वाक्य मोबाइलवर दर महिन्याला येतं. पाणी असून भागत नाही, ते हजारो किलोमीटर पसरलेलं हवं. साडेपाच फुटांच्या माणसाच्या डोक्यावर आणि पायावर चंद्राच्या ओढीत जो फरक पडतो, तो मोजायच्या लायकीचाही नाही.

इथे एक उलटा प्रश्न उभा राहतो. भर समुद्रात हिशेबाने जेमतेम पाऊण मीटर, मग मुंबईला साडेतीन आणि खंबातच्या आखातात भावनगर-घोघ्याकडे दहा मीटरहून जास्त कुठून येतं? आणि चेन्नईला जेमतेम मीटरभरच का? चंद्र तर सगळ्यांचा एकच. याचं उत्तर आकाशात नाही, किनाऱ्याच्या घडणीत आहे. मराठवाड्यातल्या माणसाला हे टँकरवरून लगेच कळतं. अर्धा भरलेला टँकर गावात येताना चालकाने ब्रेक मारला की पाणी पुढे जाऊन आदळतं, परत मागे येतं, आणि तेवढ्यात त्याने गियर टाकला तर ते आणखी जोरात उसळतं. टाकीच्या लांबीनुसार पाण्याच्या हेलकाव्याला स्वतःची एक लय असते. बाहेरचा धक्का त्या लयीला धरून बसला की हेलकावा वाढत जातो. समुद्राच्या कोनाड्यांनाही अशी लय असते. चंद्राचा धक्का दर १२ तास २५ मिनिटांनी येतो. ज्या आखाताची लय याच्या जवळ आहे, तिथलं पाणी फोफावतं. त्यात खंबातचं आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत गेलंय, म्हणून आत शिरलेल्या पाण्याला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळही सुमारे ३०० किलोमीटर रुंद पसरलाय. दक्षिणेकडे मालवण-गोव्याला तो अरुंद, तिथे उधाणाचा चढउतारही दोन मीटरच्या आसपास राहतो.

म्हणून कुणी विचारलं, ‘पौर्णिमेला भरती किती मोठी असते?’ तर माझा पहिला प्रश्न असतो, कुठली? आणि दुसरा, कोणत्या महिन्यातली? चंद्राची कक्षा लांबट आहे. तो कधी ३ लाख ५७ हजार किलोमीटरपर्यंत जवळ येतो, कधी ४ लाख ६ हजारांपर्यंत लांब जातो. जवळचा चंद्र आणि उधाण एकत्र आलं की पाणी नेहमीपेक्षा चढतं. काही महिने हा योग पौर्णिमेशी जुळतो, मग साधारण सात महिन्यांनी अमावस्येशी. शिवाय चंद्र विषुववृत्ताच्या कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला असतो, त्यामुळे एकाच दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. मुंबईला पावसाळ्यात दुपारची उधाणभरती मोठी आणि मध्यरात्रीची लहान, हिवाळ्यात उलट. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे इशारे भर दुपारचे येतात, ते यामुळेच. दुपारी मोठी भरती आणि त्याच वेळी धो धो पाऊस, की शहराचं पाणी समुद्रात जायला जागा राहत नाही.

विहिरीचं राहिलं. ताईंनी विचारलं नाही, पण वर्गात कुणीतरी विचारेलच, आणि हा भाग मला सगळ्यात गंमतीचा वाटतो. आपल्या उघड्या विहिरीत चंद्रामुळे पाणी चढत-उतरत नाही. पण पायाखालची जमीन मात्र चढते-उतरते. खडकही थोडा लवचिक असतो. लातूर, बीड, परभणी, सगळा काळा पाषाण रोज दोनदा तीसेक सेंटीमीटरपर्यंत वर-खाली होतो. घर, झाड, रस्ता, मोजपट्टी, सगळंच सोबत उचललं जातं म्हणून कळत नाही. खोल बोअरमध्ये, जिथे पाणी वरच्या-खालच्या घट्ट थरांमध्ये कोंडलेलं असतं, तिथे संवेदनशील यंत्र सोडलं तर पाण्याची पातळी एक-दोन सेंटीमीटर हललेली दिसते. तीही उलटी. जमीन फुगते तेव्हा खडकाच्या भेगा किंचित उघडतात आणि पाणी खाली जातं.

जमिनीचा विषय निघाला की आपल्याकडे किल्लारी आठवल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले. आकाशात जवळपास पूर्ण चंद्र होता. तेव्हापासून आमच्याकडची म्हातारी माणसं पुनवेच्या आसपास कुठे हादरा बसला की चंद्राचं नाव घेतात. त्यांना मी कधी हसलो नाही. पण खरं ते असं: चंद्र-सूर्यामुळे खडकावर येणारा ताण हवेच्या दाबाच्या शंभरातल्या दोन-तीन भागांइतका असतो, आणि भूकंपात मोकळा होणारा ताण त्याच्या शेकडो पट. आधीच तुटायला टेकलेल्या भेगेवर तो शेवटची काडी ठरू शकतो का, यावर अभ्यास होत आलेत आणि काही ठिकाणी बारीकसा संबंध दिसलाही आहे. पण पौर्णिमा दर महिन्याला येते. एका भूकंपावरून तिथीला दोष देता येत नाही आणि तिथी बघून भूकंप सांगताही येत नाही.

आता कामाचं. तांडेलाने मला बार्जच्या तेरा दिवसांत एक हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीत साधारण सहा तास मिळवा, ओहोटी. कोकणात हे बहुतेकांना पाठ असतं. हे का जुळतं? सूर्यापेक्षा रोज थोडा उशिरा उगवत उगवत चंद्राला एक पूर्ण फेरी मारायला ३० तिथ्या लागतात. २४ तासांना ३० ने भागलं तर एका तिथीला ४८ मिनिटं. तोंडी हिशेबाला ४८ अवघड, म्हणून ४५, पाऊण तास. मुंबई-अलिबागला हे चांगलं बसतं, कारण तिथे चंद्र डोक्यावर येण्याच्या आसपासच भरती पूर्ण होते. हा त्या जागेचा योगायोग आहे, नियम नाही. मालवण-गोव्याकडे पाणी तासभर आधी भरतं आणि खंबातच्या आखातात कितीतरी उशिरा. पंधरवडा संपत आला की तीन-तीन मिनिटांची चूक साठून पाऊण तासावर जाते, हेही लक्षात ठेवा.

चंद्र डोक्यावर तेव्हा तिथे भरती, म्हणजे चंद्र क्षितिजावर तेव्हा तिथे ओहोटी. ताई, यात तुमच्यासाठी एक सुंदर गोष्ट आहे. संकष्टीला तुम्ही चंद्रोदयाची वाट बघत गच्चीवर जाता, रात्री पावणेनऊ-नऊच्या सुमारास. त्याच वेळी मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर पाणी साधारण तळाला गेलेलं असतं. परभणी मुंबईच्या पूर्वेला, म्हणून तुम्हाला चंद्र पंधराएक मिनिटं आधी दिसतो, एवढाच फरक. पाचशे किलोमीटरवरची ओहोटी तुमच्या गच्चीवरून कळते. वर्गाला पंधरा दिवस रोज चंद्र उगवण्याची किंवा मावळण्याची वेळ लिहायला लावा आणि शेजारच्या रकान्यात मुंबईच्या भरतीची वेळ. दोन्ही रकाने हातात हात घालून रोज पाऊण-एक तास पुढे सरकताना दिसतील. ढग आडवे आले तर भिंतीवरच्या कॅलेंडरातली वेळ घ्या, तिथे चिडचिड करू नका.

सहलीची तारीख. कुणीतरी तुम्हाला सांगेल, अष्टमीला जा, ऐन दुपारी बाराला ओहोटी आहे, सोयीचं. वेळ बरोबर आहे आणि सल्ला चुकीचा. ती भांगाची ओहोटी. पाणी उतरेल, पण पुरेसं नाही, आणि किल्ल्याची वाट पाण्याखालीच राहण्याची शक्यता मोठी. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात बांधायला घेतलेला तो किल्ला पाण्यात आहे तो उगीच नाही. अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप उतरतं, पण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि डिसेंबरात तेव्हा अंधार. म्हणून मधला मार्ग: दत्तजयंतीची पौर्णिमा झाली की तिसरा किंवा चौथा दिवस धरा. तृतीयेला ओहोटी सव्वाआठ-साडेआठची, संकष्टीला नऊच्या आसपासची. उधाण अजून पुरतं ओसरलेलं नसतं, कारण ते उशिरा येतं हे वर आलंच. आदल्या रात्री अलिबागला मुक्कामाला पोचा. रातभर गाडीत बसवून पोरं थेट पाण्यात उतरवू नका.

पंचांगाचा हिशेब तारीख ठरवण्यापुरता. पाय टाकण्याआधी त्या दिवसाचा भरतीचा तक्ता बघा, आणि त्यात वेळेसोबत ओहोटीची उंचीही बघा. आकडा जितका लहान तितकी वाट मोकळी. वारा आणि लाटा तक्त्यात नसतात, म्हणून शेवटचा शब्द तिथल्या घोडागाडीवाल्यांचा. ते नाही म्हणाले तर किल्ला किनाऱ्यावरून दाखवा.

ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटी झाल्यावर तासाभरात परत किनाऱ्याला या. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांची भरती बारा भागांत वाटली तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, मग दोन, मग एक. पहिला तास फसवा असतो, काहीच होत नाहीसं वाटतं. उधाणाला तिसऱ्या तासात पाणी एकट्या त्या तासात नव्वद सेंटीमीटर चढतं, सहावीतल्या पोराच्या कमरेच्या वर. आणि ते आधी किनारा आणि किल्ला यांच्यातला खोलगट भाग भरतं, म्हणजे तुमच्या पाठीमागून येतं.

परत आल्यावर मुलांना लगेच गाडीत बसवू नका. वाळूत एक काठी रोवा, तिच्यावर वीत-वीत अंतरावर खडूने रेघा ओढा आणि त्या मागच्या बाकावरच्या पोराला घड्याळ देऊन दर दहा मिनिटांनी पाणी कुठल्या रेघेवर आहे ते लिहायला सांगा. तासाभराने त्याला काठी मागे सरकवावी लागेल. किती मागे, ते त्याच्याकडूनच ऐका.